दोघांचीच जागा

घड्याळजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले आणि डॉक्टरांनी एकदाची होडीत बसायची परवानगी दिली. त्या रविवारी उजाडता उजाडता मेहुणा दारात हजर. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने शिंपी, अंगाने गोल आणि तोंडाने गोड.

"भावोजी, आज तुम्ही नुसतं राजासारखं बसायचं," म्हणत त्याने दोन्ही वल्ही आपल्याकडे घेतली.

एकोणीस वर्षांचा हा नाद होता. पोट भरायला दोघांची दुकानं होती. माकूल, म्हणजे डिवचली की शाई उडवणारी दहा हातांची मासळी, पकडायची ती निव्वळ हौस. धक्क्यावर हौशी लोकांना तोटा नव्हता, पण या दोघांना एक जागा सापडली होती. पाण्याच्या टाकीमागे इस्पितळाचं धुराडं लपलं आणि पिवळ्या घराचा कोपरा काळ्या खडकाला टेकला, की तिथे नांगर टाकायचा. खाली गवत, गवतात माकूल. खुणा कुठे लिहायच्या नाहीत आणि होडीत तिसरा माणूस घ्यायचा नाही, असे दोन नियम. दोन्ही मेहुण्यानेच केलेले.

त्या नियमापायी दीड महिन्यापूर्वी घड्याळजीने पोटच्या पोराला नाही म्हटलं होतं. मुलगा दहा दिवसांच्या रजेवर आला होता. लहानपणी होडीत पाय टाकला की ओकणारा, त्यामुळे बापाच्या नादापासून चार हात लांब राहिलेला. या खेपेला तो आपणहून म्हणाला, "बाबा, मला दाखवा ना तुमची जागा." घड्याळजीला आभाळ ठेंगणं झालं. त्याने मेहुण्याला गळ घातली. "एकदाच. मला उचलून होडीत ठेव. पोराची पहिली माकूल मला या डोळ्यांनी बघायचीय रे."

"शब्द म्हणजे शब्द, भावोजी," मेहुणा म्हणाला होता. "आज पोरगा आणाल, उद्या व्याही."

शब्द तर घड्याळजीनेही दिलेला. पोराचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना, म्हणून त्याने खाटेवर बसल्या बसल्या एक लाकडी कोळंबी करून दिली. माकूल याच खोट्या कोळंबीला भुलते. शेपटाला सुयांचा झुबका असतो, त्यात तिचे हात अडकतात. हिच्या अंगावर बायकोच्या शिवणाच्या डब्यातली लाल चिंधी होती आणि डोळ्यांच्या जागी जुन्या मनगटी घड्याळाची दोन पितळी चक्रं. अशी दुसरी जगात नव्हती. दर रविवारी पोराचा फोन आला की बाप आधी तिची खुशाली विचारी. "टेबलासमोर लटकतेय, बाबा," पोरगा सांगे, आणि बापाचा आठवडा बरा जाई.

धुराडं लपलं, कोपरा टेकला, नांगर पडला. घड्याळजीने दोरी तळापर्यंत सोडली, दोन हिसके दिले आणि थांबला. तीन महिन्यांनी हाताला ते वजन जाणवलं तेव्हा त्याला अक्षरशः रडू यायचं बाकी राहिलं. पण वजन मुकाट होतं, ओढत नव्हतं. गवत असणार. त्याने सावकाश वर घेतलं.

गवतच होतं. आणि गवतात लाल चिंधी, दोन पितळी डोळे.

त्याने चक्रांवरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं. मग मेहुण्यासमोर हात धरला.

"अरेच्चा, सापडली होय!" मेहुणा म्हणाला. "किती शोधली आम्ही..."

"आम्ही," घड्याळजी म्हणाला.

"भावोजी, तुमच्या गुडघ्यासाठी नाही म्हटलं मी. तुम्ही हट्टाने होडीत चढला असता. आणि पोरगा मागेच लागला. म्हणाला, बाबांना कळू देऊ नकोस मामा, त्यांना वाईट वाटेल."

घड्याळजीला दोरीवर वाळत घातलेला पोराचा पांढरा शर्ट आठवला. छातीवर डाग होते. "पेन फुटलं त्याचं," बायको म्हणाली होती, त्याच्याकडे न बघता. म्हणजे घरात त्याला एकट्यालाच ठाऊक नव्हतं. अख्ख्या घराने त्याला खाटेवर बसवून वेड्यात काढलं होतं.

"लागली का त्याला?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"एवढी!" मेहुण्याने हात फाकवले. "पहिल्याच वेळी! शाई थेट अंगावर. काय हसला, भावोजी, पाच वर्षांचा असताना हसायचा ना, अगदी तसा..." घड्याळजीचा चेहरा बघून त्याने हात खाली घेतले.

ते हसू कोणाच्या वाट्याचं होतं? घड्याळजीला वाटलं, या गोल माणसाला ढकलून द्यावं पाण्यात. एकोणीस वर्षांत एकदाही न आलेला विचार तो, पण आला.

खिशात फोन वाजला. रविवार होता. मेहुण्याने डोळ्यांनीच विनवलं, नका.

"बाबा! गेलात ना आज? मिळाली का काही?"

"अजून काही नाही." तळहातावर कोळंबी टपटप गळत होती. "तुझी कोळंबी कशी आहे रे?"

"आहे की. समोरच लटकतेय."

एक सुई घड्याळजीच्या बोटात शिरली होती. ती त्याने तशीच राहू दिली.

"जप हो तिला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मेहुण्याने न सांगताच नांगर उचलला आणि धक्क्याकडे वल्हवत निघाला. घड्याळजी त्याच्याकडे पाठ करून बसला. टाकीमागून धुराडं बाहेर आलं, कोपरा खडकापासून सुटला. धक्क्याला होडी टेकल्यावर मेहुण्याने त्याला उतरवायला हात पुढे केला. घड्याळजीने तो घेतला नाही; दुखऱ्या गुडघ्यावर भार देऊन एकटाच उतरला.

"पुढच्या रविवारी येताय ना, भावोजी?"

घड्याळजीने कोळंबी होडीत, आपल्या रोजच्या फळीवर ठेवली.

"जागा दोघांचीच आहे," तो म्हणाला. "तुम्ही दोघं जात जा."