उठेल तो हरला

मित्रांनो, मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. माझा एक कोपरा फुगला आहे आणि माझ्या काळ्या घोड्याला कान उरलेले नाहीत. पण सुताराने मला घासूनपुसून दुकानात मांडले, तेव्हा माझा तोरा काही औरच होता!

एका तरुण जोडप्याने मला घरी आणले. दोघेही शिक्षक. तो भूगोल शिकवायचा, ती गणित. संध्याकाळी शाळेतून आले की चहा घेत डाव मांडायचे. तिचा वजीर सुटला की त्याची पळता भुई थोडी व्हायची. हरायची वेळ आली की हा पठ्ठ्या काहीतरी निमित्त काढून उठायचा. शेवटी तिनेच हसत हसत नियम केला, "उठेल तो हरला!"

पुढे मुलगी झाली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. डाव ऐन रंगात आला की आतून हाक यायची, "सूनबाई, जरा कुशीवर वळव गं." नाहीतर मुलगी रडायची, दूध उतू जायचे. दर वेळी तीच उठायची. हाका त्यालाही ऐकू येत, पण त्याची मान माझ्यावरून वर होत नसे. "उठलीस? हरलीस!" तो खुशीत म्हणायचा. पाहुण्यांनाही फुशारकीने सांगायचा, "आमच्या गणिताच्या बाई मला कधी हरवू शकत नाहीत." बाई तेव्हा कपबशा गोळा करत असत. त्याच्या राजावर मात दोन चालींवर आलेली मला दिसायची. मला फार वाईट वाटायचे.

हळूहळू तिने खेळणे सोडले आणि मी माळ्यावर गेलो.

सासूबाई गेल्या, मुलगी नोकरीसाठी दूर गेली, दोघे निवृत्त झाले. एके दिवशी त्याने मला खाली काढून पुसले. "आज चहा मी करतो. तू फक्त खेळ," तो म्हणाला. मला कोण आनंद झाला! तिने दोन-तीन चाली झकास केल्या. मग तिची बोटे थबकली. नजर सारखी आतल्या खोलीकडे जाऊ लागली. घर शांत होते, कुणीही हाक मारली नव्हती. तरी ती उठली.

"अहो, मला आता असं बसवतच नाही. तुम्ही खेळा."

दोन्ही कपांतला चहा निवून गेला.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. एवढेच सांगतो, तुमच्या घरात कुणाचा डाव रंगला असेल आणि आतून हाक आली, तर तुम्ही उठा. आणि वेळेवर उठा. तोही शेवटी चहा करायला उठला होता, पण फार उशिरा.