वीणेचा पहारा

वीणा गळ्यात घालून सायकल चालवली तर पहारा मोडतो का, यावर पिरनवाडीच्या भजनी मंडळात चांगल्या दोन संध्याकाळी वाद रंगला होता. सप्ताहात वीणेचा पहारा असतो तो देवळात, उभ्यानं. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्ये जमिनीला टेकत नाही, आणि ती गळ्यात आहे तोवर वीणेकऱ्यानं बसायचं नाही. देव स्वतः विटेवर उभा आहे, मग त्याचा पहारेकरी बुड टेकून कसा बसेल, असं नागेंद्रबुवा कीर्तनात सांगायचे. सांगताना स्वतःच असे ताठ व्हायचे, की समोर बसलेली मंडळी नकळत मांड्या सावरायची.

युवराजनं मात्र हट्ट धरला होता. बेळगावातल्या लहान मुलांच्या एका दवाखान्याच्या मदतीसाठी सायकल फेरी निघणार होती. बेळगावहून निपाणी, आणि दिवस मावळायच्या आत परत. त्या फेरीत मंडळानं उतरायचं आणि जाऊन येईपर्यंत पहारा अखंड ठेवायचा, हे त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. सायकलवर माणूस बसतोच की, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. शेवटी बुवांनी निवाडा दिला. पायडल फिरतंय तोवर माणूस चालतोय असं धरू. थांबला तर पायांवर उभं राहायचं. मोटारीत, बाकड्यावर, कट्ट्यावर बसला की मोडला पहारा.

या वादात एक गोष्ट कुणी तोंडानं बोललं नाही, कारण ती सगळ्यांनाच ठाऊक होती. युवराजची दहा वर्षांची लेक तेजस्वी त्याच दवाखान्यात होती. ताप मेंदूत गेला होता. आठवडा झाला, पोरीनं डोळे उघडले नव्हते. तिची आई रचना उशाशी होती, आत एकालाच सोडायचे. युवराज फाउंड्रीत कामाला. यंत्र अडलं की हात घालून ते चालू करणारा माणूस. इथं काचेबाहेर नुसतं उभं राहून त्याला वेड लागायची पाळी आली होती. एका संध्याकाळी तो मनातल्या मनात देवाशी बोलून बसला होता : मी वीणा खाली ठेवत नाही, तू माझ्या लेकीचा हात सोडू नको. हे त्यानं रचनालाही सांगितलं नव्हतं.

जोडीला मष्णू होता, वेल्डिंगचं दुकान चालवणारा, अंगानं भरलेला, मंडळाचा टाळकरी. उजाडताना दोघं फेरी निघायच्या मैदानावर आले तेव्हा सगळे वळून बघायला लागले. हेल्मेट सक्तीचं, म्हणून दोघांनी टोपीवरच हेल्मेट चढवलेलं, आणि युवराजच्या गळ्यात वीणा. एक बाई जवळ आल्या. खासबागेत राहणाऱ्या, निपाणीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या समता. सायकलच्या दांडीवर निळ्या रंगात ‘जयभीम’ लिहिलेलं. ही कशाची जाहिरात, म्हणून त्यांनी हसत विचारलं. मष्णूनं सांगितलं, जाहिरात न्हाय म्याडम, ड्यूटी हाय. मग त्या म्हणाल्या, मी तुमच्या मागूनच येते, तार वाजत असली की पुढचा ट्रॅक्टर तरी बाजूला होईल.

जाताना सगळं ठीक होतं. उसाचा हंगाम, ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत, कर्कश गाणी लावत चाललेले. त्यांच्या कडेनं हे दोघं आळीपाळीनं वीणा घेत निघाले. दर बदलीला रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, कपाळाला बुक्का लावायचा, देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, मग वीणा गळ्यातून गळ्यात. समता पुढं जाऊन मैलाच्या दगडापाशी पाणी पीत थांबायच्या आणि हे सगळं बघायच्या.

निपाणीत मष्णूचा घात झाला. वीणा युवराजकडं होती, मष्णूला बसायची मुभा होती, आणि समोर गाड्यावर मिरची भजी तळत होती. युवराज उभ्या उभ्या केळी खात नको नको म्हणत होता. मष्णूनं ऐकलं नाही. परतीच्या वाटेवर संकेश्वर येता येता त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि एका झाडाखाली तो असा आडवा झाला की उठेना. आयोजकांच्या माणसांनी त्याला तिथल्याच डॉक्टरकडं नेलं. जाताना तो युवराजच्या तोंडाकडं बघवेना म्हणून डोळे मिटून बोलला, “चूक झाली रं माजी. माज्याच्यानं उभं ऱ्हावत न्हाय.”

तिथून युवराज एकटा पडला.

ऊन डोक्यावर आलं. समोरून वारा. वीणेचा पट्टा मानेला घासून कातडी सोलली होती आणि घाम त्यात मिठासारखा चरचरत होता. एक हात हँडलवर, एक वीणेवर. मांडीत गोळा आला की तो उतरायचा, सायकल कमरेला टेकवून उभा राहायचा, गोळा सुटला की पुन्हा पाय मारायचा. लघवीला जायचं तरी वीणा द्यायची कुणाकडं? तोंडानं रामकृष्णहरी चाललेलं, पण त्यात आता भजन राहिलं नव्हतं. बुडणारा माणूस हात मारतो तसं ते चाललं होतं.

हत्तरगी मागं पडल्यावर एका चहाच्या टपरीपाशी तो थांबला आणि लोकांच्या गळ्याकडं बघायला लागला. वीणा माळकऱ्यानंच घ्यायची अशी रीत, तुळशीची माळ असलेला एक माणूस मिळाला तरी चाललं असतं. घटकाभर वीणा त्याच्याकडं देता आली असती. जन्मात त्यानं माणसांचे गळे असे निरखले नव्हते. एकाच्या गळ्यात रुद्राक्ष, एकाच्या काळा दोरा, एका ड्रायव्हरच्या सोन्याची साखळी. टपरीवाला लिंगायत, त्याच्या गळ्यात चांदीच्या करंडकात लिंग. युवराजनं मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्याला विचारलं, इथं कुणी माळकरी आहे का? टपरीवाला भला होता. त्यानं दोन गावांची नावं घेतली, पण दोन्ही रस्त्यापासून आत, लांब. मग चहाचा पेला पुढं केला आणि बाकड्याकडं बोट दाखवलं. युवराजनं मान हलवली आणि चहा उभ्यानंच घेतला.

वंटमुरीच्या चढाच्या पायथ्याशी त्याचे पाय संपले. गोळा सुटेना. तो सायकलला धरून उभा होता, आणि तेवढ्यात खिशात फोन वाजला.

रचना होती. तिचा आवाज ओळखू येईना. पोरीला फिट आली, आयसीयूत नेलंय, डॉक्टर म्हणतात जवळच्या माणसांना बोलवून घ्या. “असाल तिथनं निघा,” एवढंच ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मागून आयोजकांची ओम्नी आलीच होती, थकलेल्यांना उचलणारी. गाडीवरच्या पोरानं दार सरकवलं. त्याला बेळगावाहून निरोप मिळाला होता. “बसा काका, अर्ध्या तासात पोचवतो.”

युवराज दारात उभा राहिला. आत तीन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. छत एवढं बुटकं की मान वाकवूनही उभं राहता येणार नाही. बसलं तर पहारा मोडला. नाही बसलं तर लेक... त्याच्यापुढं त्याला विचार करवेना. या पायांनी सायकलवरून अंधार पडायच्या आत पोचणं होणार नव्हतं. ज्या देवाला शब्द दिला त्याच देवानं वाटेत असं दार उघडून ठेवावं, आणि आत बसायची तेवढी बंदी असावी. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण रडायलाही दम शिल्लक नव्हता.

ओम्नीच्या मागोमाग समता आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सायकल गाडीला टेकवून त्या पुढं आल्या.

“दादा, वीणा द्या इकडं. मी आणते.”

युवराजची नजर सवयीनं त्यांच्या गळ्याकडं गेली. तिथं काही नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. “ताई, माळकरी असल्याबिगर...” आणि थांबला.

“कळलं,” समता म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “माझ्या पणजोबालाही असंच सांगितलं होतं. देवळाबाहेर उभा राहून सप्ताहभर ऐकायचा म्हणे. पहारा तर तोही करत होता, हातात वीणा नव्हती इतकंच. आणि मी देव मानत नाही, तेव्हा मला काही हौस नाही. पण लेक तुमची आहे. लवकर ठरवा.”

युवराजच्या डोळ्यांपुढं स्वतःच्या गावचा सप्ताह आला. मांडव, समया, पहाऱ्याला उभी राहिलेली माणसं. खालच्या वस्तीतलं त्यात कधी कोण उभं राहिलं होतं? त्याला आठवेना. आजवर हे कुणी विचारलंही नव्हतं, त्यानंही नाही. बुवा सांगायचे तो विटेवरचा देव हे सगळं उभ्यानं बघत आला असणार.

त्यानं वीणा गळ्यातून काढली. दोन्ही हातांनी समोर धरली. समतांनी ती घेतली तसा तो वाकला. मांडीतला गोळा कळ मारून गेला, पण त्यानं त्यांच्या धुळीच्या बुटांना हात लावला.

त्या दचकून मागं सरल्या. “पाया नका पडू माझ्या.”

“रीत हाय, ताई. देणाऱ्यानं पडायचं असतंय.”

घेणाऱ्यानंही पडायचं असतं, हे त्यांनी सकाळपासून पाहिलं होतं. त्या वाकल्या नाहीत. क्षणभर त्याच्याकडं बघून म्हणाल्या, “जयभीम.”

“जयभीम,” युवराज म्हणाला. हा शब्द आजवर त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

“गळ्यात नाही घालणार मी. पाठीशी बांधून नेते.”

“कशीबी न्या. खाली नको तेवढी. आन् बसायचं न्हाय.”

“आणि सायकलवर?”

“त्येला बुवांची परवानगी हाय,” तो म्हणाला, आणि त्याच्या घशातून जे निघालं ते हसू की हुंदका, ओम्नीतल्या कुणालाच कळलं नाही.

दार बंद झालं. दिवसभरात पहिल्यांदा युवराजचा गळा मोकळा होता, आणि त्याला वाटलं आपण उघडे पडलोय. तो मागच्या काचेतून बघत राहिला. चढावर निळ्या अक्षरांची सायकल, पाठीवर ओढणीनं बांधलेली वीणा, मागून उसाचा ट्रॅक्टर. मग वळण आलं.

दवाखान्यात रचना काचेपाशी होती. पलीकडं नळ्या, पडदा, पोरीचा एक पाय तेवढा दिसत होता. फिट थांबली होती, पण पुढचं सांगता येत नाही म्हणाले होते. रचनानं नवऱ्याकडं पाहिलं, त्याच्या सोललेल्या मानेकडं पाहिलं, आणि इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर पडलं. पोर मरणाच्या दारात आणि बाप सायकल फिरवतोय, लोक काय म्हणत असतील, आणि ती वीणा तरी कुठं टाकून आलात? युवराजनं भिंतीला टेकून सगळं सांगितलं. देवाशी बोललेलंही सांगितलं.

ती म्हणाली, “मला का न्हाय सांगितलं? मी बी उभी ऱ्हायले असते की.”

तो जिन्याच्या खिडकीपाशी जाऊन रस्ता बघत राहिला. फेरीतले सायकलवाले एक एक करून मैदानाकडं गेले. ऊन उतरलं. समतांचा पत्ता नव्हता, नाना शंका मनात येत होत्या. ट्रॅक्टरवाल्यानं कट मारला असेल. दमून बसली असेल. देव न मानणारीला काय पडलंय, ठेवली असेल कुठं टेकून. मग स्वतःच्याच विचाराची लाज वाटून तो कपाळ गजाला टेकवायचा, आणि पुन्हा रस्ता बघायचा.

दिवेलागणीला नर्स बाहेर आली. पोरीजवळ एकाला बसता येईल म्हणाली, फक्त एकाला. रचना म्हणाली, तुम्ही जावा, मी आठवडाभर बसले. त्याच वेळी खालून वॉचमन सांगत आला, कुणी बाई वीणा घेऊन आल्यात, खुर्ची दिली तर बसायला तयार न्हाईत.

युवराज जिना उतरला. खालच्या दालनात सगळे बसलेले, आणि मधोमध समता उभ्या. गुडघ्याजवळ पँट फाटलेली, त्यातून रक्त वाळलेलं. वीणा दोन्ही हातांत, छातीशी.

“काकतीजवळ चाक बसलं, मग पडले,” त्या म्हणाल्या. “मी पडले. ही नाही पडली.”

त्यानं वीणेसाठी हात पुढं केले. मंडळाची माणसं निघालीत, येईस्तोवर मीच धरतो, असं काहीसं तो पुटपुटला.

समतांनी वीणा दिली नाही. “वर कसं आहे?”

त्यानं सांगितलं. एकाला आत सोडतात, जवळ बसायला.

“वीणा गळ्यात घेऊन बसता येईल?”

युवराजनं खाली बघितलं.

“मग जावा. बसा तिच्याजवळ. तुमची माणसं येईपर्यंत मी उभी आहे.”

तो जिन्यापर्यंत गेला, परत वळला, आणि लांबूनच हात जोडले. मग वर गेला. नर्सनं त्याला हिरवा गाऊन चढवला, पलंगाशेजारी स्टूल दाखवलं. तेजस्वीचे डोळे मिटलेले होते. हात गरम होता, ओठ कोरडे. पडद्यावर हिरवी रेघ उठत होती, पडत होती, आणि कुणीच काही सांगू शकत नव्हतं.

युवराज स्टुलावर बसला. लेकीचा हात दोन्ही हातांत धरला. खाली कुणीतरी उभं होतं.