मामांची एकाग्रता

ज्ञानाचा दिवा कधीही विझत नाही. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर हे सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. ऑनलाइन अभ्यासक्रमात तो साधारण सहाव्या मिनिटाला विझत असे.

हे नेमकं ठाऊक होतं ते अभ्यासक्रम-रचना विभागाच्या प्रमुखांना. त्यांना सगळे हेडबाई म्हणत. कुठला विद्यार्थी व्हिडिओच्या कुठल्या क्षणी पळाला, याचा आलेख त्यांच्या पडद्यावर रोज उमटे. मानसशास्त्रातल्या 'एकाग्रता' या अभ्यासक्रमाचा आलेख तर कड्यावरून उडी टाकल्यासारखा दिसायचा. कुलगुरूंनी बजावलं होतं, या सत्रात निम्म्या मुलांनी तरी 'एकाग्रता' पूर्ण केली पाहिजे. नाहीतर विभाग बंद, आणि सगळी मंडळी परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला.

उपाय सोपा होता. दीड तासाच्या व्याख्यानाचे छोटे छोटे तुकडे करायचे. अडचण एवढीच, की ते व्याख्यान देणारे प्राध्यापक हेडबाईंचे सख्खे मामा होते.

"तुकडे?" मामा कडाडले. "माझं व्याख्यान म्हणजे काय काकडी वाटली तुला?"

"मामा, मुलं मध्येच उठून जातात हो."

"मग बांधून ठेव त्यांना! तुमचा विभाग पोसलाय कशाला?"

पाठोपाठ आईचा फोन आलाच. "माझ्या भावाला कात्री लावलीस तर माझ्याशी गाठ आहे."

हेडबाई इतक्या गरीब गायीसारखं "बरं" म्हणाल्या, की शेजारच्या टेबलावरच्या अ‍ॅनिमेशनवाल्यानं हातातलं काम टाकून त्यांच्याकडे संशयानं पाहिलं.

मामांच्या आज्ञेप्रमाणे बांधाबांध झाली. व्हिडिओ पुढे ढकलायची सोय काढून टाकली. दर थोड्या वेळानं पडद्यावर एक बटण येई: 'मी जागा आहे'. ते दाबलं नाही, की व्याख्यान पुन्हा पहिल्या वाक्यापासून.

"शाब्बास!" मामा म्हणाले. "आता झोपून दाखवा म्हणावं."

विभागाचा एक जुना नियम होता. अभ्यासक्रम मुलांच्या पानात वाढण्याआधी प्राध्यापकांनी तो विद्यार्थी म्हणून स्वतः पूर्ण करायचा. मामांना आजवर वडीलकीची सूट होती. या वेळी हेडबाईंनी त्यांना मऊ खुर्ची दिली, पाठीशी उशी ठेवली, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पडदाही ओढला.

"विद्यार्थिमित्रहो," व्हिडिओतले मामा सुरू झाले. खुर्चीतले मामा कौतुकानं मान डोलवू लागले. थोड्या वेळानं मान आपली आपणच डोलू लागली. बटण आलं आणि गेलं.

"विद्यार्थिमित्रहो..."

मामा दचकले. "हे मघाशी झालं ना?"

"तिसऱ्यांदा चाललंय, मामा."

"मी डोळे मिटून ऐकत होतो."

"घोरत घोरत," मागून आवाज आला.

"कोण बोललं रे ते?"

अ‍ॅनिमेशनवाला टेबलाखाली वायर शोधायला गेला.

मामा इरेला पेटले. तोंडावर पाणी मारून आले, ताठ बसले, बटणावर बोट रोवून धरलं. या वेळी पाऊण व्याख्यान खरोखरच पार पडलं. आणि तेवढ्यात फोन वाजला. बहिणीचा होता. पोरीनं त्रास तर नाही ना दिला, हे विचारायला.

"विद्यार्थिमित्रहो..."

"ताई!" मामा फोनवर ओरडले. "तुझ्यामुळे मी परत पहिलीत बसलो! ठेव आधी!"

मग भाचीकडे न बघता, पडद्यावरच्या स्वतःकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत म्हणाले, "कर तुकडे. हवे तेवढे कर. पण ते बटण आधी उपट. शिक्षण आहे की पहारा?"

सत्र संपलं. जवळजवळ सगळ्या मुलांनी 'एकाग्रता' पूर्ण केली. विभाग वाचला. कुलगुरूंनी मामांचा सत्कार केला, आणि तुकड्यांची कल्पना मुळात आपलीच, असं मामांनी उत्तराच्या भाषणात नम्रपणे सांगितलं. "शीक जरा मामाकडून," आईनं हेडबाईंना सुनावलं.

दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी सवयीनं आलेख उघडला. मुलं सगळे तुकडे वेगवेगळ्या टॅबमध्ये एकाच वेळी लावत होती, आवाज बंद करून.