अर्थिंगचं पाणी

"हे आकडेवालं, हे बिनआकड्याचं. कांडी दोन्हीला सारखीच," असं म्हणत मल्लिनाथनं काउंटरवर तारांना कथलाचा डाग द्यायची दोन सोल्डरिंग स्टेशनं शेजारी शेजारी मांडली.

संगमेश्वर अप्पांनी चष्मा वर सरकवला. या एका वस्तूसाठी ते देगलूरहून सकाळच्या एस.टी.नं नांदेडला आले होते. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त केले, पण सगळे एका जाड आयर्नवर. ते तापलं की नाही, हे गालाजवळ नेऊन कळायचं. दुकान बंद केल्यावर घरच्या घरी लहानसहान वस्तू करायचा नाद राहिला होता. टाकी भरली की वाजणारी घंटी, दार उघडलं की लागणारा दिवा. त्यासाठीही तेच आयर्न चालायचं.

"आकडे कशाला पाहिजेत?" अप्पांनी विचारलं.

"किती गरम झालं ते दिसतंय. तीनशे वीस लावलं की तिथंच थांबतंय. तुमचं जुनं तर तापतच राहतंय, सासूसारखं."

"सासूला सासूच वळखती. मला सवय हाय त्याची."

"मग काहून आलाव इतक्या दूर?"

अप्पांनी खिशातून रुमालात बांधलेली पाटी काढली. काडेपेटीएवढी हिरवी पाटी, तिच्यावर एक काळी चिप. आवाज भरून ठेवायची. ती त्यांनी याच दुकानातून नेली होती, दीड वर्षापूर्वी.

"स्पीकरची वायर निघाली. जुन्या आयर्ननं डाग द्यायला गेलो तर तांब्याची पट्टीच उचलली बघ. आता त्या चिपच्या पायालाच वायर लावावी लागती. हात बी हलतोय माझा."

"अहो अप्पा, नवीनच घ्या की पाटी. लई मिळतात."

"न्हाई. हीच पाहिजे."

मल्लिनाथनं आकडेवालं स्टेशन पुढं सरकवलं आणि सुईसारखं टोक असलेली एक बिट वेगळी काढून दिली. अप्पांनी कांडी हातात धरून पाहिली. पेन्सिलीइतकी हलकी होती. अप्पांना अक्षरं फार उशिरा आली, चाळिशी ओलांडल्यावर. त्याआधी रेझिस्टरवरचे रंगच वाचता यायचे. पेन्सिल धरताना बोटं जशी आखडायची, तशीच आत्ताही आखडली.

"एक सांगतो," मल्लिनाथ खोकं बांधता बांधता म्हणाला, "घरी अर्थिंग नीट हाय ना? असल्या चिपला टोकावरचा जरासा करंट बी सोसत न्हाई."

अप्पांना ते लागलं. "माझ्या घरची अर्थिंग मी स्वतः गाडली. पुरुषभर खड्डा, मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. गावात कुणाकडं न्हाई तशी."

"गाडली हो. उन्हाळ्यात पाणी पडतंय का तिथं? माती सुकली की संपलं."

"रोज सकाळी बादलीभर पडतंय."

"वहिनी टाकून राहिल्या असतील. तुम्ही कशाला उठताय."

अप्पांनी मान हलवली. "हाव," म्हणाले आणि खोकं काखेत धरून स्टँडकडं निघाले.

बायकोला, तारामतीला, जाऊन चार महिने झाले होते. जन्मभर मिश्री लावली, त्यातून घशात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर बोलता यायचं नाही. त्या रात्री अप्पांनी ती पाटी एका डबीत बसवली आणि तारामतीपुढं धरली. वीस सेकंद मावत होते.

"चालू झालं काय?" ती म्हणाली होती. "आता काय बोलू मी. अहो, वाढून ठेवलंय. हात धुऊन या आधी. ते शिसं पोटात जातंय, किती बार सांगू." मग जराशी हसली होती आणि वेळ संपला होता.

ऑपरेशननंतर ती वर्षभर जगली. तेव्हा डबी कपाटात होती. ती गेल्यावर अप्पा रोज जेवायच्या वेळी बटण दाबायचे. लातूरला शाळेत शिकवणारी लेक आरती फोनवर म्हणायची, "अप्पा, मोबाईलमध्ये भरून घ्या ना तेवढं. मला बी ऐकायचंय." अप्पा हो म्हणायचे आणि करायचे नाहीत. डबीतली ती डबीतच बरी, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. मग वायर निघाली. आरतीला त्यांनी सांगितलं, रविवारी ये, ऐकवतो.

रविवारी सकाळी ऊन खिडकीत आल्यावर अप्पा टेबलाशी बसले. मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला. तीन पिनांचा प्लग नीट दाबून बसवला. आकडा चढत गेला आणि तीनशे वीसवर थांबला. टोक ओल्या स्पंजवर पुसताना कांडीच्या लोखंडी भागाला बोट लागलं आणि बारीक मुंग्या आल्या. आयुष्यभर अशा मुंग्या येत आल्या होत्या. अप्पांनी बोट धोतराला पुसलं.

श्वास धरून त्यांनी केसाएवढी वायर चिपच्या पायावर टेकवली. हात हलला नाही. कथलाचा थेंब चमकला, पसरला, गोठला. असा सुबक डाग त्यांनी कित्येक वर्षांत दिला नव्हता.

बॅटरी लावून बटण दाबलं. स्पीकरमधून नुसती घुं घुं आली. पुन्हा दाबलं. घुं घुं.

अप्पांनी वायर तपासली, बॅटरी बदलली. मग टेस्टर घेऊन कांडीच्या टोकाला लावला. टेस्टरमधला दिवा लागला. म्हणजे टोकावर करंट उतरला होता, अर्थिंग तो ओढून घेत नव्हती. मग टेस्टर तसाच हातात घेऊन मागच्या अंगणात गेले.

अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी धुळीनं भरली होती. फरशीच्या कडेनं माती फाटून तिच्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. भेगांतून मुंग्यांची रांग ये-जा करत होती. कडेला तारामतीची पत्र्याची बादली पालथी होती, तिनं शेवटची ठेवली तशी. तीस वर्षं ती सडा टाकून झाला की उरलेलं पाणी इथं ओतायची. ती नवी नवरी असताना अप्पांनी एकदाच सांगितलं होतं, पाणी टाकत जा, मला शॉक बसायचा न्हाई. त्यानंतर कधी आठवण करावी लागली नाही. ती दवाखान्यात असताना शेजारीण टाकायची, तीही तारामतीनं खुणेनं सांगून ठेवल्यामुळं.

दुपारी आरती आली. पिशवी ठेवायच्या आधीच तिनं टेबलावरची डबी उचलली.

"झाली का दुरुस्त?"

"न्हाई."

"मग परत नेऊ ना दुकानात."

"आतलं गेलं, बाई. माझ्या हातानं गेलं."

आरती बटण दाबून ऐकत राहिली. घुं घुं. बोट न काढताच म्हणाली, "मी दहा बार म्हणले होते तुम्हाला." मग वडिलांच्या तोंडाकडं बघून तिनं डबी खाली ठेवली.

"काय म्हणत होती आई त्याच्यात?"

अप्पांनी तोंड उघडलं. ते शब्द त्यांना पाठ होते, पण त्यांच्या आवाजात ते नीट बसेनात.

"जेवायला बोलवत होती," ते म्हणाले.

आरती पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं आत भांडी वाजू लागली.

अप्पांनी पालथी बादली सरळ केली. नळाखाली भरली आणि फरशी बाजूला सारून खड्ड्यात ओतली. पाणी क्षणात भेगांत गेलं, मातीनं बुडबुडे सोडले. मुंग्या वर आल्या. त्यांनी दुसरी बादली ओतली. तिसरीला पाणी जरा वेळ वर थांबलं आणि मग सावकाश खाली उतरलं.

"अप्पा, वाढलंय," आरतीनं आतून हाक मारली.

बादलीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. अप्पांनी त्यात दोन्ही हात घातले, बोटं एकेक करून चोळली, नखं चोळली. मग ते पाणी खड्ड्यात ओतून आत गेले.