इसरूची डाटसन

चांदा जिल्ह्यातल्या मूल गावाच्या आसपास जपानी मोटार ही एकच होती, आणि तिच्यापायी पहिला मार खाल्ला तो गुणवंतरावांच्या वडलांनी. ते मालगुजार, म्हणजे तिथले जमीनदार. लढाईच्या आधी एका खटल्यासाठी मुंबईला गेले आणि येताना ही डाटसन घेऊन आले. इंग्रजी मोटारींपेक्षा पुष्कळच स्वस्त. पुढे दोन माणसांपुरती बैठक, वर कापडी टप, मागे उघडायची डिकी आणि तिच्यात दाटीनं बसायला जागा. नाकावर उडी घेतलेला ससा. जपानी भाषेत या नावात पळत्या सशाचा अर्थ आहे, असं मुंबईच्या दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, आणि मालगुजारांनी ते सगळ्या मूलला सांगितलं.

पुढे बेचाळीस आलं. चिमूरला बंड झालं आणि हत्यारबंद शिपाई गावोगाव फिरू लागले. एक तुकडी मालगुजारांच्या अंगणात शिरली. जपानी मोटार दिसताच त्यांनी मालगुजारांना ओढत बाहेर आणलं आणि जपान्यांशी तुझा काय संबंध म्हणून विचारत बंदुकीच्या दस्त्यांनी झोडपलं. त्यांच्या तोंडातले दात तिथेच सांडले. त्यानंतर ते बिछान्यावरून उठलेच नाहीत. वडलांना जाळून आल्यावर गुणवंतरावांनी कुऱ्हाडीनं गाडीचे दोन्ही दिवे फोडले आणि ती गोठ्यात ढकलून दिली.

इसरू मोहुर्ले हा त्यांच्या लारीवरचा ड्रायव्हर. लढाईत आसामात फौजेच्या गाड्या चालवून आलेला, कमी बोलणारा. घरात एकटा. त्यानं ती गाडी मागितली तेव्हा गुणवंतराव म्हणाले, "घेऊन जा ते मढं. माह्या दारात नको."

इसरूनं बैल जुंपून ती घरी नेली. जपान जळून गेला होता. सामान कुठून येणार? नागपूरच्या भंगारात त्याला बेबी ऑस्टिन मोटारीच्या पिस्टनच्या रिंगा मिळाल्या. त्या कानशीनं घासून घासून त्यानं बसवल्या. दिवे मोडक्या जीपचे लावले. एकदा इंजन उलटं फिरलं आणि ते सुरू करायच्या लोखंडी हँडलनं त्याचं मनगट मोडलं. पण गाडी सुरू झाली, आणि अशी सुरू झाली की लोक रस्त्यावर येऊन पाहू लागले. जंगलातल्या बैलगाडीच्या वाटेवर ती शेळीसारखी चाले. नाला आडवा आला तर चार माणसं तिला उचलून पलीकडे ठेवत. चांद्याच्या सडकेवर तिनं साहेबाची जीप मागे टाकली तेव्हा इसरूच्या शेजारी नथ्थू होता, आणि तो मागे वळून वळून हसत होता.

नथ्थू आणि इसरू एकाच गल्लीत वाढलेले. नथ्थू आता गुणवंतरावांचा मुकादम होता. मालगुजारी गेल्यावर गुणवंतरावांनी सागवानाचे ठेके घेतले होते, आणि मजूर कामाला लावायला नथ्थूसारखा माणूस त्यांना दुसरा मिळाला नसता. तो आधी मारायचा आणि मग विचारायचा. जंगलातल्या मोहटोला गावात एका म्हाताऱ्याचं बोट त्यानं दारात चेपून तोडलं होतं, असं लोक सांगत. इसरूनं त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

गाडी पळू लागली तशी ती गुणवंतरावांच्या मनात भरली. चार लोकांत ते म्हणू लागले की गाडी आमचीच आहे, इसरू नुसता चालवतो. इसरू ऐकून घ्यायचा. पोट त्यांच्या लारीवर होतं. पुढे पुढे तर ठेक्यावर जायला ते लारी सोडून डाटसनमध्येच बसू लागले.

चौपन्न सालच्या उन्हाळ्यात अशाच एका सकाळी इसरू त्यांना मोहटोल्याच्या जंगलात घेऊन गेला. मोहटोला गोंडांचं गाव. गावाबाहेर जुन्या ऐनाच्या झाडांचा राखलेला गट होता. तिथे त्यांचे पेन, म्हणजे देव, राहत. त्या झाडांना कोणी हात लावत नसे. गुणवंतरावांच्या ठेक्याची हद्द अलीकडेच संपत होती. पण ऐनाचे ते बुंधे दोन माणसांच्या कवेत न मावणारे होते, आणि ते त्यांना हवे होते.

नथ्थूची माणसं लारीतून आधीच आली होती. पहिल्या झाडावर घाव पडला तसा पत्रू आत्राम पुढे आला. गावात त्याचा शब्द चाले. त्याच्या हातात काही नव्हतं. तो झाडाला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला की आधी मला तोडा. त्याची बायको मंगली थोडी मागे उभी होती. गुणवंतराव मोहाच्या झाडाच्या सावलीत खाटेवर बसले होते. त्यांनी नथ्थूकडे नुसतं पाहिलं.

नथ्थूनं पत्रूच्या थोबाडीत मारली. पत्रू हलला नाही. नथ्थूनं त्याच्या पोटात लाथ घातली. तो वाकला आणि पुन्हा सरळ उभा राहिला. मजूर पाहत होते. मुकादमाला सगळ्यांसमोर कोणी असं थांबवलं नव्हतं. नथ्थूनं शेजारच्याच्या हातातली कुऱ्हाड ओढून घेतली आणि मारली. ती झाडावर मारायची होती की माणसावर, हे त्यालाही कळलं नसावं. पातं पत्रूच्या डाव्या खांद्यात शिरलं आणि हाडात अडकलं. नथ्थूनं पाय लावून ते उपसलं. रक्ताची चिळकांडी उडाली, नथ्थूच्या तोंडावर आली.

मजूर पळाले. मंगलीनं लुगड्याचा पदर फाडून खांद्यात कोंबला, दोन्ही हातांनी दाबून धरला. गुणवंतराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"चाल इसरू. गाडी काढ. हा इथीच राहू दे."

इसरूनं गाडी काढली. ती झाडापाशी आणली, डिकी उघडली आणि मंगलीच्या मदतीनं पत्रूला आत घातलं. गुणवंतरावांनी इसरूच्या दंडाला धरलं.

"गाडी माही हाय."

"मालक, चांद्याले नेतो याले. मंग तुमची."

त्यांनी दंड सोडला नाही. इसरूनं त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. गुणवंतराव खाटेवर आदळले, खाट मोडली, ते खाली पडले. इसरूनं आजवर कोणावर हात टाकला नव्हता. पहिल्यांदा टाकला तो मालकावर. मंगली पत्रूजवळ डिकीत चढली. इसरू गाडीत बसला.

जंगलाच्या वाटेवर डाटसन खड्ड्यांतून उसळत होती. प्रत्येक धक्क्याला मागून पत्रूचं ओरडणं येत होतं. नंतर ते येईनासं झालं आणि इसरूला ते जास्त भयंकर वाटलं. सडकेला लागल्यावर त्यानं गाडी मोकळी सोडली. मंगली पत्रूच्या अंगावर पालथी पडून खांदा दाबत होती आणि गोंडीत त्याच्याशी बोलत होती. मागे धुळीत लारी दिसली. कोलू नावाचा दुसरा ड्रायव्हर ती चालवत होता आणि नथ्थू पायरीवर उभा होता.

सरळ सडकेवर लारीचा निभाव लागणार नव्हता. ती मागे पडत पडत दिसेनाशी झाली. पण चांद्याच्या वाटेवर अंधारी नावाची नदी आडवी होती. उन्हाळ्यात पाणी घोट्याइतकं, तळाला गोल गोटे. इसरूनं गाडी हळू घातली. मधोमध चाक गोट्यात अडकलं आणि इंजन बंद पडलं. तो उतरून हँडल मारू लागला. इंजन खोकायचं आणि थांबायचं. तेवढ्यात लारी काठावरून खाली उतरली आणि सरळ येऊन डाटसनच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. गाडी गोट्यांवरून घसरली, अडकलेलं चाक सुटलं. इसरू पाण्यात फेकला गेला, त्याचं कपाळ फुटलं.

नथ्थू पाण्यात उतरला. कुऱ्हाड तीच होती.

"इसरू, तू बाजूले हो. तुले काई करत नाई मी."

"नथ्थू, तो मरून राह्यला."

"मरू दे ना मंग. तो चांद्याले बोलला तं मी फासावर जातो. जंगलात मेला तं कोन विचारते?"

हे त्यानं रागानं म्हटलं नाही. समजावून सांगावं तसं म्हटलं, आणि डिकीकडे वळला. मंगलीनं पत्रूला अंगाखाली घेतलं होतं. नथ्थूनं तिचे केस धरून तिला ओढलं. ती सुटली नाही. त्यानं कुऱ्हाड उगारली तेव्हा तिनं हात वर केला. पातं तिची दोन बोटं घेऊन डिकीच्या पत्र्यात रुतलं. नथ्थू ते उपसायला लागला.

इसरूच्या हातात हँडल होतं. त्यानं ते नथ्थूच्या कानामागे मारलं. ओला भोपळा फुटावा तसा आवाज झाला. नथ्थू पुढे कोसळला, पालथा, तोंड पाण्यात.

तो मेला नव्हता. त्याचे हात गोटे चाचपडत होते, पाठ वर-खाली होत होती. पाणी इतकं कमी होतं की मान वळवली असती तरी नाक बाहेर आलं असतं. ती त्याला वळवता येत नव्हती. इसरू वाकला. नथ्थूच्या सदऱ्याची कॉलर धरायला त्यानं हात पुढे केला. याच नदीत दोघांनी मिळून मासे धरले होते. हा उठला तर पुन्हा मारावं लागेल, असं त्याच्या मनात आलं, आणि पुन्हा मारणं आपल्याला जमणार नाही, हेही त्याला कळलं.

"भाऊ," मंगली म्हणाली, "रगत थांबत नाई."

इसरूनं हात मागे घेतला. पुढे जाऊन हँडल लावलं आणि फिरवू लागला. इंजन लागेपर्यंत त्यानं मागे पाहिलं नाही. कोलू लारीत बसून होता, स्टिअरिंग धरून. तोही खाली उतरला नाही.

चांद्याच्या सरकारी दवाखान्यात पत्रूचा हात खांद्यापासून कापला. तो वाचला. मंगलीची बोटं गाडीच्या डिकीत सापडली; एका कंपाउंडरनं ती कागदात बांधून पुरली. इसरू दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला, पोलीस आले तेव्हाही तिथेच होता.

नथ्थू नदीतच मेला होता. इसरूवर खटला चांद्याला चालला. गुणवंतरावांनी सांगितलं की आपण सावलीत झोपलो होतो, भांडण मजुरांचं होतं. पत्रू गोंडीत बोलला, दुभाष्यानं ते मराठीत आणलं; पण मालकानं नुसतं पाहिलं, एवढ्यावर मालकाला शिक्षा होत नव्हती. इसरूच्या वकिलानं त्याला बजावलं होतं की नथ्थू जागीच मेला असं सांग. मंगलीला वाचवण्यासाठी मारलं, एवढ्यावर तू सुटशील. इसरू पिंजऱ्यात उभा राहिला. समोर नथ्थूची बायको कमळा बसली होती. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही निघालात तेव्हा नथ्थू जिवंत होता काय?

"जिता होता," इसरू म्हणाला. "हात हालवत होता. मी पाह्यलं, अन् मंग गाडी चालू केली."

वकिलानं कपाळावर हात मारला. कमळा उठली, बाकांमधून वाट काढत आली आणि शिपाई पोचायच्या आत तिनं चपलेनं इसरूच्या तोंडावर मारलं. कपाळावरची जुनी जखम पुन्हा फुटली. त्यानं तोंड फिरवलं नाही. शिक्षा काही वर्षांची झाली.

गाडी गुणवंतरावांनी सोडवून घेतली. ती आमचीच, असं त्यांनी सांगितलं आणि कोणी नाही म्हटलं नाही. पण डिकीतला वास घालवता येईना. धुतली, नवा पत्रा ठोकला, रंग दिला. शेवटी त्यांनी ती वर्धा नदीपलीकडे, राजुऱ्याच्या एका व्यापाऱ्याला विकली. तिथून पुढे तिचं काय झालं, ते इकडे कोणाला कळलं नाही.

इसरू सुटून आला तेव्हा चांदा मुंबई राज्यात गेला होता. मूलच्या गल्लीत त्यानं घराचं कुलूप काढलं तसा समोरचा दरवाजा उघडला. कमळा बाहेर आली. ती वाळली होती. शेतमजुरीनं तिचे हात काळे पडले होते. 

"तू खरं बोलला, ते मले माहीत हाय," ती म्हणाली. "पन तुहं तोंड रोज पाहावं लागलं तं मी एक दिवस कोयता घेईन. तू इथी राहू नको."

इसरूनं कुलूप पुन्हा लावलं आणि किल्ली तिच्या ओट्यावर ठेवली. घरात वापरण्यासारखं जे असेल ते घ्या म्हणाला. तिनं किल्ली उचलली नाही, फेकलीही नाही.

तो मोहटोल्याला गेला. पत्रूनं त्याला घराशेजारी जागा दिली. एका हातानं पत्रू नांगर धरायचा आणि इसरू बैल हाकायचा. मंगली तीन बोटांच्या हातानं त्याला भाकर वाढायची. तिघांपैकी कोणीही त्या दिवसाबद्दल बोलत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात गुणवंतरावांचा नवा मुकादम माणसं घेऊन आला. ऐनाच्या झाडांखाली पत्रू बसला होता, त्याच्या बाजूला इसरू दोरी वळत होता. मुकादमानं पत्रूला उठायला सांगितलं. मग त्याचं लक्ष इसरूकडे गेलं. त्यानं शेजारच्या मजुराला हळूच विचारलं की हाच का तो. मजुरानं मान हलवली. मुकादम दोन पावलं मागे सरला. इसरूनं वर पाहिलं तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यांत त्याला भीती दिसली. मोहटोल्यातली माणसं नथ्थूकडे अशाच डोळ्यांनी पाहायची.

मुकादम माणसं घेऊन परत गेला. पत्रू मोठ्यानं हसला आणि इसरूच्या पाठीवर थाप मारून म्हणाला की आता कोणी येत नाही. इसरूनं दोरी खाली ठेवली.  दोन्ही हात त्यानं मांडीखाली घेतले आणि तसाच बसून राहिला.