बंद दाराचं शून्य

आकडे खोटं बोलत नाहीत, असं तिचे साहेब ऊठसूट म्हणायचे. आकडे मांडणारी माणसं चुकतात, हे मात्र सोयीनं विसरायचे.

साथ कशी पसरेल याचं गणित मांडणं हे तिचं काम. तिनं संगणकात दोन कप्पे केले होते: एकात धडधाकट माणसं, दुसऱ्यात म्हातारी आणि आजारी. दोघांमधलं येणं-जाणं शून्य धरलं की मृत्यूंची रेघ निम्म्यावर यायची. त्या रेघेच्या भरवशावर शहरातले तीनशे म्हातारे एका रिकाम्या वसतिगृहात हलवले गेले. हिचा हिच्याच गणितावर विश्वास नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून तिनं स्वतःच्या आईला पहिल्याच गाडीत बसवलं. उद्या आणखी दोनशे जायचे होते.

दुपारी आईचा फोन आला.

"जेवलीस का गं, आई?" तिनं विचारलं.

"जेवले की. माझे हात थरथरतात, तर आमची आया भरवते. गुणाची पोर आहे, पण दमते बिचारी. सकाळी आमचे तीन मजले, मग घरी लेकरांचं बघायचं, संध्याकाळी परत हजर."

"रोज घरी जाते ती?"

"मग काय इथंच राहील? तिलाही संसार आहे, बाई."

पंधरा दिवस तिनं गणिताचा कीस काढला होता. पण म्हाताऱ्यांना अंघोळ कोण घालणार, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आया कुठल्याच कप्प्यात नव्हत्या. हुशारी म्हणतात ती ही!

तिनं शून्य खोडलं, वीस आया घातल्या. रेघ उभीच्या उभी चढली. घरोघरी विखुरलेले असते तर रोगानं काहींनाच गाठलं असतं. एका छपराखाली एकही सुटत नव्हता.

ती साहेबांकडे धावली. "उद्याच्या गाड्या थांबवा. माझं चुकलंय."

"शून्य तुझंच होतं ना?"

"माझंच. खोटं होतं."

साहेबांनी फोन उचलला. गाड्या थांबल्या. तिनं घाईघाईनं आईला फोन लावला.

"आई, आजपासून आयाच्या हातून जेवायचं नाही. स्वतःच्या हातानं खा, सांडलं तर सांडू दे."

"अगं, ती आज यायचीच नाही. ताप भरला म्हणून दुपारी घरी पाठवलं तिला," आई म्हणाली. "पण माया बघ पोरीची. अंग तापलेलं असूनही मला भरवूनच गेली."