लिंब कोणी काढायचा

तुम्ही आम्हाला अर्धंच शिकवलं. दारावर कडुलिंबाची डहाळी कशी बांधायची ते शिकवलं, सोडायची कधी ते नाही. गप्प बसायला शिकवलं, पण कोणत्या दिवशी गाव डोक्यावर घ्यायचं ते सांगितलं नाही. उरलेलं अर्धं विचारलं तर म्हणालात, मोठ्यांना विचारू नये. आणि हे मोठे म्हणजे कोण, त्यांची नावं काय, घर कोणत्या आळीत, हेही कधी सांगितलं नाही. नुसतं "मोठे सांगून गेले."

हे बोलणं पुष्पाबाईच्या पोटात चैत्रापासून पडून होतं. आखाडात ते बाहेर पडलं, आणि पडलं तेही नेमकं नको त्या ठिकाणी, मरीमायसमोर.

डोणगावच्या बाजाराला भाजी नेणारं ते गाव. शिवेवर हिवराचं झाड, झाडाखाली शेंदराने माखलेले दगड. तीच मरीमाय. तिला देऊळ नाही, कळस नाही, पुजारी नाही. वर आभाळ. तिचं जे काही करायचं ते खालच्या आळीतल्या बायांनी, आणि त्या बायांत शब्द चालायचा सोजराबाईचा. तिला सगळी आळी मोठीमाय म्हणायची. सुनांना नांदायचं कसं, बाळंतिणीला जपायचं कसं, मेलेल्या घरी बसायला गेल्यावर काय बोलायचं नाही, हे सगळं तिच्याकडून घ्यायचं.

पुष्पा लग्न होऊन आली तेव्हा घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. नवरा इंद्रभान, त्याची वांग्या-मिरच्यांची वाडी, आणि चूल. मोठीमायने तिला हाताशी धरलं. खोटं कशाला बोला, म्हातारीने खूप दिलं.

"पोरी, भाकरी थापतानी आपली एक भाकर पयले बाजूले काढत जाय."

"लोक काय म्हणतीन, मोठीमाय? हावरी म्हणतीन."

"म्हणू दे. उपाशी बाई वाढते न, त प्रत्येक ताटात एक शिवी बी वाढते. त्यापेक्षा आपली भाकर झाकून ठेव अन् हसत वाढ."

पुष्पाने तसं केलं आणि घरातली कटकट खरंच अर्धी झाली. शेजारणीशी पाण्यावरून भांडण झालं तेव्हा म्हातारीने सांगितलं, जिचं चुकलं तिनं दुसरीच्या घरी घागर नेऊन द्यावी. "अन् कोणाचं चुकलं ते समजतच नसन त?" "मंग दोघींनी न्याव. पाणी काही खराब होत नाही." अशी शहाणी बाई. म्हणूनच तर पुढचं सहन होत नाही. ती मूर्ख असती तर पुष्पा एवढी जळली नसती.

फक्त एका शब्दाचा म्हातारीला राग. काऊन, म्हणजे का.

"मोठीमाय, मायचं पाणी डाव्या हातानंच काऊन शिंपायचं?"

"तुह्या तोंडात काऊनचं झाड उगवलं का व? पयले कर. बैलामागून गाडी येते, तसं करण्यामागून कारण येते."

तेव्हा पुष्पा हसली होती.

मोठीमायच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा दयाराम. तिच्याच मांडीवर वाढला, चार बुकं शिकला, आणि महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास सरकारात देवी काढणारा म्हणून लागला. सायकलवर गावोगाव फिरायचं, पोरांच्या दंडावर लस टोचायची, म्हणजे अंगावर देवी निघत नाहीत. पहिल्यांदा तो सुई घेऊन आळीत आला तेव्हा बाया पोरं घेऊन माजघरात शिरल्या. मोठीमायने ओट्यावर बसून आपला सुरकुतलेला दंड पुढे केला.

"टोच बे. हा बी मायचाच टिळा हाय."

"मावशी, या वयात तुले काय करायचं?"

"मले नाही करायचं. त्याईले दाखवायचं हाय. टोच."

मग रांग लागली. खालच्या आळीने लस नाकारली, असं कोणी सांगितलं तर ते धादांत खोटं आहे.

गेल्या पौषातल्या फेरीत मात्र पुष्पाच्या लेकीला, कौतिकाला, ताप होता. चार-पाच वर्षांची पोर, तोंडाने टुरटुर. दयाराम म्हणाला, "तापात नको, वहिनी. पुढच्या फेरीले पयली हिचीच पाळी." कौतिकाला ते पक्कं लक्षात राहिलं. आपली पाळी पहिली, हे ती शेळीलासुद्धा सांगायची.

चैत्रात आळीतल्याच अर्जुनरावाचा मुलगा मामाच्या गावाहून आला तो ताप घेऊनच आला. त्या फेरीत तोही टोचायचा राहिलेला. दोन-तीन दिवस तो आळीत पोरांबरोबर हुंदडला, आणि मग त्याच्या तोंडावर देवी उठल्या. अर्जुनरावाच्या दारावर लिंब बांधला गेला.

दारावर लिंब म्हणजे घरात माय पाहुणी आली. चुलीवर फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, बाहेरच्याने उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नेम हा, की आतल्या माणसाने आपणहून बाहेरच्याला हाक मारायची नाही, नावाने नाही की नात्याने नाही. मारली तर माय त्याच्या पाठीवर बसून त्याच्या घरी जाते.

मोठीमाय आळीभर फिरली, कोणाचं पोर कोणाशी खेळलं ते विचारून आली, आणि तिने ठरवलं, सगळ्याच दारांवर लिंब बांधायचा. आजारी घरावर आणि निरोग्या घरावरही. कोणी आत नको, कोणी बाहेर नको.

इंद्रभान चिडला. "घरात कोणाले सर्दी बी नाही अन् दारावर लिंब? तिकडे वांगे सडून राह्यले."

"सडू दे," मोठीमाय बाहेरूनच म्हणाली. "वांग्याले माय निघत नाही."

पुष्पाने दाराच्या फटीतून विचारलं, "मोठीमाय, कौतिकाचं टोचायचं राह्यलं हाय. दयारामभाऊ आले त?"

"आला त घे न टोचून. मी कधी नाही म्हणलं का?"

तो आत येणार कसा, हे पुष्पाने विचारलं नाही. म्हातारीने सांगितलं नाही. त्या 'काऊन'ची सवयच मोडली होती ना.

दयाराम आला तो दुपारच्या उन्हात. कोणाच्या निरोपाने आला, की वेळच्या फेरीने, कोणास ठाऊक, पण आला. पुष्पाने फटीतून पाहिलं. सायकल आळीच्या तोंडाशी लावून तो पेटी घेऊन दोन घरं आत आला. या दाराकडे पाहिलं, लिंब. त्या दाराकडे पाहिलं, लिंब. तिच्या दारासमोर येऊन तो उभा राहिला. एवढा जवळ, की पेटीचं निघालेलं कातडं तिला दिसलं.

"आई," कौतिका म्हणाली, "माही पाळी आली का?"

पुष्पाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

दयारामभाऊ. एवढं नाव घ्यायचं होतं. पण त्याच्या घरी दोन लहान पोरं होती. माय त्याच्या पाठीवर बसून गेली तर? तिने कोनाड्यातला तांब्या उचलला आणि जमिनीवर टाकला. मोठा आवाज झाला. दयाराम वळला. त्याने टोपी काढली, दाराला हात जोडले, डोळे मिटून कपाळ झुकवलं. मग उलट्या पावली मागे सरकला आणि गेला. थोड्या वेळाने वरच्या आळीत पोरांचं रडणं ऐकू आलं. तिकडे तो टोचत होता.

पुढच्या आठवड्यात कौतिका तापली.

मोठीमायने तेव्हा काही कमी केलं नाही. ती उंबऱ्याच्या आत आली, तिला तो नेम नव्हता. लिंबाचा पाला अंथरला, पाणी शिंपलं, रात्रंदिवस बसली. पोर शेवटी पाणी मागत होती आणि गिळू शकत नव्हती. तिला पुरायला नेलं तेव्हाही दारावर लिंब होता, वाळलेला.

अर्जुनरावाचा मुलगा एक डोळा घालवून वाचला. आळीत तिसऱ्या कोणाला देवी निघाल्या नाहीत. बाया म्हणाल्या, मोठीमायनं आळी राखली. ते खरंही होतं. पुष्पाने ते ऐकून घेतलं आणि घरात जाऊन भिंतीला डोकं लावून उभी राहिली.

शाळेचे रमाकांत गुरुजी वाटेत भेटले. "तुम्ही लोक लस नाकारता आणि मग देवाच्या नावानं रडता," म्हणाले. शिकलेला माणूस, दुसऱ्याच्या घरचं मरण बघून त्याला बोलायला विषय मिळाला. पुष्पा म्हणाली, "नाकारली असती त बरं झालं असतं, गुरुजी. भांडण तरी झालं असतं. इथं साऱ्यांनी मान देल्ला." गुरुजींना समजलं नाही.

दयाराम तिला बाजारात दिसला. त्याने नजर चुकवली, ती पुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, पेटी हातात होती. पोरगी दाराआड होती. चांगली होती."

"वहिनी, लिंब होता."

"तुम्ही सरकारचे न?"

"सरकारचा मी नोकरी लागल्यापासून. मावशीचा त दूध पेत होतो तवापासून." तिच्याकडे न बघताच तो पुढे म्हणाला, "तिनं शिकवलं, लिंब दिसला का पाय मागं. मले वाटलं आत माय हाय. तांब्या पडला तवा त पक्कंच वाटलं, का माय मले जाय म्हणून राह्यली."

पुष्पा तिथेच मिरच्यांच्या पोत्यावर बसली. तांब्याचा अर्थ असा झाला होता.

आखाडात मरीमायचा निवद असतो. भल्या सकाळी आळीतल्या बाया हिवराखाली जमल्या. मोठीमायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आता पुढचं पुष्पाने बघावं असं तिने ठरवलं होतं. तिने हळदीचा करंडा आणि लिंबाची जुडी पुढे धरली.

"घे व. तुहं झालं शिकून."

पुष्पाने हात मागे घेतले. "मोठीमाय, एक राह्यलं. निरोग्या घरावर बांधलेला लिंब कोणी काढायचा?"

बाया चपापल्या. सत्यभामाबाई म्हणाली, "आज नको व पुष्पे. निवद गार होऊन राह्यला."

"माही पोरगी गार झाली. निवदाले काय होते?"

मोठीमाय हात तसाच धरून होती. "मोठ्यांनी तसं काही सांगतलं नाही, पोरी."

"तू विचारलं होतं?"

"विचारू नये."

"तुह्या सासूनं विचारलं होतं?"

म्हातारीने पांढरे झालेले डोळे तिच्याकडे वळवले. "मीनं कोणाचं वाईट केलं नाही, पुष्पे. आळी राखली मी."

"हाव, राखली. एवढी शहाणी तू. भाकर कवा बाजूले काढाव ते तुले समजे, पाणी कोणी भरावं ते समजे. दयाराम येईन अन् दारावरून परत जाईन, हे तुले समजलं नाही का? तो त तुह्याच मांडीवर शिकला. अन् समजलं असन त उठून एक डहाळी काऊन नाही सोडली?"

मोठीमायने हात खाली घेतला. करंडा कलंडला, हळद मातीत सांडली. एका बाईने ती गोळा करायला हात घातला. पुष्पा म्हणाली, "राहू दे."

मग तिने म्हातारीला सोडलं आणि दगडांकडे तोंड केलं. त्यांच्यावर शेंदराचे थरावर थर होते. कुठल्या कुठल्या सासवांनी फासलेले, ज्यांची नावंही कोणाला ठाऊक नाहीत.

"मी करंडा घेत नाही," ती म्हणाली. "पण घरी बी जात नाही. इथं बसली. तुम्ही सारे मोठे, सांगून गेलेले, कुठं असान तिथून सांगा मले. दारावर लिंब होता, आत पोरगी चांगली होती, अन् टोचणारा उंबऱ्यापाशी उभा होता. तो लिंब कोणी काढायचा होता?"

ती मातीत मांडी घालून बसली.

"सांगा न. मी काऊन हाक मारली नाही? तुम्ही मले काऊन मारू देल्ली नाही?"